अडीच इंच खाली

साहेबांच्या गाडीखालून मांजर जात नसे. दवाखान्याच्या आवारात एक करडी मांजर होती. बाकी कुठल्याही गाडीखाली ती दुपारभर पसरायची, पण साहेबांच्या गाडीपाशी आली की थांबायची, वास घ्यायची आणि वळसा घालून निघून जायची. जनावरांचा दवाखाना असल्यामुळे बघायला माणसं रोजच हजर असत आणि रोजच हसत. साहेबही हसत. मी पहिलं वर्षभर हसलो. पुढं मला कंटाळा आला.

मी त्या दवाखान्यात परिचर. म्हणजे दार उघडायचं, झाडलोट करायची, लशींचा फ्रिज बघायचा, जनावर धरायचं, फोन घ्यायचा आणि साहेब जातील तिथं बॅग घेऊन मागं जायचं. निमगाव साव्यावरून पुढं गेलं की लागणाऱ्या एका लहान गावात आमचा दवाखाना. साहेब मूळचे परजिल्ह्यातले. राहायला मंचरला, कारण त्यांच्या मंडळी तिकडच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. रोज सकाळी ते हायवेनं नारायणगावापर्यंत येत आणि मग आत वळत. हायवेला त्यांच्या गाडीला काही होत नसे. जे काही व्हायचं ते आत वळल्यावर.

गाडी साधी पांढरी, घरच्या चार माणसांची असते तशी. आमच्याकडं बदलून आल्यावर वर्षाच्या आतच त्यांनी ती आळेफाट्याच्या एका गॅरेजात नेऊन अडीच इंच खाली घेतली. मी सोबत होतो. मिस्त्रीनं आधी गाडीकडं बघितलं, मग साहेबांच्या पांढऱ्या मिशीकडं.

"साहेब, हे काम कॉलेजची पोरं करून घ्यायला येत्यात. तुमच्या वयाचं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच आलं."

"मग घ्या करायला," साहेब म्हणाले.

"हायेत त्याच स्प्रिंगा ग्रायंडरनं कापून देतो. धा मिनटांचं काम हाय."

"कापायच्या नाहीत. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागा सोडते." साहेबांनी पुण्याहून मोजून आणलेल्या आखूड स्प्रिंगा आणि तसेच शॉकअप डिकीतून काढून त्याच्यासमोर ठेवले. "हे टाका. आणि निघालेल्या जुन्या मला परत द्या."

संध्याकाळी गाडी बाहेर आली तेव्हा चाकावरच्या पत्र्यात आणि टायरमध्ये माझी दोन बोटं जेमतेम जात होती. साहेब गाडीभोवती एक फेरी मारून आले. आजारातनं उठलेल्या माणसाला पहिल्यांदा जेवण गोड लागावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

यामागचं कारण मला पुढं त्यांच्या मंडळींनी सांगितलं. आधीच्या नोकरीच्या ठिकाणी सरकारी जीपनं लसीकरणाला जाताना घाटात जीप उलटली होती. मेलं कुणी नाही. हाडसुद्धा मोडलं नाही. पण साहेब पट्ट्याला उलटे लटकून तासभर होते, आणि खाली दरी दिसत होती. तेव्हापासून उंचीचं आणि त्यांचं बिनसलं. घरी पलंग काढून टाकला, गादी जमिनीवर. दवाखान्यातल्या आपल्या खुर्चीचे पाय त्यांनी सुताराकडून चार बोटं कापून घेतले होते, त्यामुळं टेबलाच्या पलीकडं ते शाळकरी पोरासारखे दिसत. बरं, माणूस सहा फुटी! त्या गाडीत शिरताना ते आधी डोकं घालत, मग एक पाय, मग कंबर, आणि शेवटचा पाय हातानं उचलून आत घेत.

"भाऊ, उलटायला उंची लागते," ते म्हणायचे. "जमिनीवरचा माणूस कुठं पडणार?"

पडण्याखेरीज माणसाला दुसरे त्रास असतात, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

माझा त्रास म्हणजे गतिरोधक. आमच्या रोजच्या फिरतीच्या रस्त्यांवर ते अकरा होते. ज्यानं त्यानं आपापल्या दारापुढं, आपापल्या अंदाजानं घातलेले. प्रत्येकाच्या अलीकडं साहेब गाडी थांबवत. मी उतरायचो. माझं वजन कमी झालं की गाडी बोटभर वर येई. मग मी रस्त्यावर उकिडवा बसून गाडीच्या पोटाखाली बघायचो आणि हात हलवायचो. साहेब गाडी तिरकी घालत, आधी एक चाक, मग दुसरं. एसटी मागं थांबलेली असे, ऊसतोडीचे ट्रॅक्टर थांबलेले असत, आणि मी तिथं बसून, "या... या... थांबा!" मागून कुणीतरी ओरडायचं, "काय राव, अंडी घालाय बसलाय का?" गाडी पार झाली की मी पळत जाऊन परत बसायचो. दिवसात दोन फेऱ्या म्हणजे किती उठाबशा, ते तुम्हीच बघा. वर स्प्रिंगा आखूड आणि कडक. साधा खडा चाकाखाली आला तरी पाठीच्या कण्याला कळायचा. दुसऱ्या वर्षी माझी कंबर धरली, ती अजून सुटलेली नाही.

साहेबांची पाठ माझ्याहून वाईट होती, पण ते बोलत नसत. मंडळींनी त्या गाडीत बसणं सोडलं होतं. अवसरी खुर्दला मंडळींच्या बहिणीच्या घराची वास्तुशांत होती, तिथं त्या एसटीनं गेल्या आणि साहेब आणि मी मागून गाडीनं. जेवायच्या पंगतीत त्या मला म्हणाल्या, "एसटीत निदान खिडकीतून शेतं दिसतात. यांच्या गाडीतून मला नुसती कुंपणं दिसतात."

एकदा निम्म्या रस्त्यात इंजिनाच्या तेलाचा चेंबर फुटला. वाटेत रुतलेला एक दगड, दिसला नाही. तेल सगळं मातीत. गाडी ट्रॅक्टरला बांधली आणि आम्हाला मागच्या ट्रॉलीत बसायला सांगितलं. साहेब ट्रॉलीत चढले ते तडक तळाशी जाऊन बसले, पत्र्याला पाठ लावून, डोळे मिटून. उसाच्या पाचटात हा एवढा मोठा माणूस. ट्रॅक्टरवाला मागं वळून बघत होता. "डॉक्टरला चक्कर आली का वो?" मी म्हटलं, "न्हाई. त्यांना उंच व्हतंय." तो परत पुढं बघायला लागला. बहुधा मलाही काहीतरी झालंय असं त्याला वाटलं असावं.

मी त्यांच्यावर इतका वैतागलो होतो, तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तसा जनावरांचा डॉक्टर आमच्या भागानं आधी बघितला नव्हता. कुणी धापा टाकत आलं, "डॉक्टर, म्हस पडली वो, चला लवकर," की साहेब म्हणत, "आधी खाली बसा." माणूस बसायचा. बसला की त्याचा श्वास जाग्यावर यायचा आणि तो नीट सांगायचा, काय खाल्लं, कधीपासून पडली, शेण कसं आहे. गोठ्यात गेल्यावरही ते सरळ जनावराला हात लावत नसत. दारातच उकिडवे बसत, दोन-तीन मिनिटं. गाय वळून बघे. मग ते तिच्याशी बोलत, आणि तेही अहोजाहो करून. "काय बाई, कसं वाटतंय? जरा सरकता का? हां. अशा." बायामाणसं पदर तोंडाला लावून हसत. पण मारकी म्हणून गावभर नाव असलेल्या गाईंनी त्यांना शेपटीसुद्धा मारलेली मी पाहिली नाही. लाथा पडल्या त्या सगळ्या मला.

आणि ते कुणालाही नाही म्हणत नसत, हेही खरं. गाडी जात नसली तर रस्त्याच्या कडेला लावून चालत जात. दीड-दोन किलोमीटर. म्हणजे मीही चालत. बॅग माझ्याकडं.

आता माझं सांगतो.

उसाचा हंगाम होता. कारखान्याच्या ट्रॉल्या शेतातून बाहेर पडून पडून वस्त्यांच्या वाटांना गुडघाभर चाकोऱ्या पडल्या होत्या आणि मधोमध वरंबा उभा राहिला होता. तशा वाटेवर गाडी घातली की चाकं चाकोरीत आणि पोट वरंब्यावर. चाकं नुसती फिरत राहायची. त्या आठवड्यात तीनदा मी गाडी ढकलली होती. चौथ्या दिवशी सकाळी एका मोठ्या बागायतदाराचा फोन आला. गाभण गाई तपासायच्या होत्या. घाई काही नव्हती. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, साहेबांची गाडी खाली हाय. आधी वाट सारखी करून ठेवा, मंग येऊ."

त्यानं दुपारच्या आत जेसीबी लावून वाट सारखी केली, वर मुरूम टाकला. आम्ही सरळ गोठ्याच्या दारात जाऊन उतरलो. साहेब खाली उतरून मागं बघत राहिले. "बघा भाऊ," ते म्हणाले, "माणसं किती करतात आपल्यासाठी."

मी बॅग उचलली आणि गोठ्यात गेलो.

त्यानंतर मला सवयच लागली. ज्याचा फोन येई त्याला तेच. ट्रॅक्टरवाल्यांना काही वाटत नसे. त्यांनाही वाट हवीच होती. कुणी राडारोडा टाकला, कुणी विहिरीची माती. मोठमोठी माणसं माझ्या एका शब्दावर घमेली घेऊन उभी राहत, आणि हे मला आवडायला लागलं, हेसुद्धा लपवत नाही. तीन-चार वर्षांत आमच्या हद्दीतल्या गोठ्यांच्या वाटा गावाच्या रस्त्यापेक्षा बऱ्या झाल्या. लोकांत बोललं जाऊ लागलं, की वाट केल्याशिवाय डॉक्टर येत नाहीत. साहेबांच्या कानावर ते कधी गेलं नाही. त्यांच्या तोंडावर कोण बोलणार? आणि फोन माझ्याकडं असायचा.

अलका वहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. त्या आमच्याच गावच्या, मळ्यात राहायच्या. नवरा चाकणला कंपनीत, आठवड्याला यायचा. घरी त्या आणि अंथरुणाला खिळलेली सासू. दारात एकच गाय, पहिलारू.

"भाऊ, गाय अडलीय. पाय दिसत्यात, तोंड न्हाई दिसत."

मी दात घासत होतो. "वाट कशीय?"

"ट्रॉल्यांनी पार वाट लावलीय वो तिची."

"मंग आधी सारखी करा थोडी आन् फोन करा. गाडी यायची न्हाई तशी."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हे मी इतक्या वेळा बोललो होतो, की बोलताना माझं लक्षसुद्धा नव्हतं. अडलेली गाय म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. वीस वर्षं तेच काम करत होतो. पण मी तोंड धुतलं, चहा घेतला, दवाखाना उघडला. साहेब आठच्या सुमाराला आले. मी त्यांना सांगितलं नाही. वाट झाली की फोन येईल, असं डोक्यात.

फोन आला साडेआठला. तेव्हा सांगितलं. साहेब उठून गाडीत बसलेसुद्धा.

वहिनींच्या वाटेला लागलो तर दोन्ही बाजूंना डोक्यावर ऊस. बिबट्याच्या भीतीनं त्या उसाच्या कडेला सकाळी एकटं माणूस वाकत नाही. चाकोऱ्या भरलेल्या होत्या. ताजी माती, फावड्यानं ओढलेली, वर पाचट अंथरून पायानं दाबलेलं. पावलांचे ठसे एकाच माणसाचे. निम्म्या वाटेपर्यंत तशी माती होती आणि पुढं संपली. तिथं गाडी पोटावर बसली.

साहेब दार उघडून बाहेर आले आणि पळत सुटले. त्या पाठीनं. मी मागून.

गाय आडवी पडली होती. डोळे वर. साहेब त्या दिवशी दारात उकिडवे बसले नाहीत. सदरा काढून सरळ शेणात आडवे झाले आणि हात आत घातला. वासराची मान मागं वळलेली होती. मी दोरी दिली, सलाईन लावलं, शेपटी धरली. तास-सव्वा तास चाललं. "जरा सोसा बाई, थोडंच राहिलंय," असं ते तिच्या पोटाला गाल लावून बोलत होते. वासरू निघालं ते मेलेलं. गाईनं त्यानंतर दोनदा मान उचलली, तिसऱ्यांदा नाही.

वहिनी खांबाला टेकून उभ्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. पुसायचंही सुचलं नव्हतं त्यांना.

साहेब उठून बसले. "किती वाजता सुरू झालं होतं?"

"पाचला."

"मग इतका उशीर का केलात, ताई? सहाला जरी कळवलं असतं..."

"कळवलं की. मंग वाट भरीत व्हते. दोन तास भरली. निम्मीच झाली."

"वाट कशाला भरत बसलात?"

"वाट केल्याबिगर डॉक्टर येत न्हाईत ना."

"कोण म्हणालं असं?"

वहिनींनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग गाईकडं. "समदीच म्हन्त्यात," त्या म्हणाल्या.

आतून सासूचा आवाज आला, "काय झालं गं? पाडी झाली का?"

परत येताना साहेब पुढं, मी मागं. गाडीपाशी आल्यावर ते थांबले. "खाली बसा, भाऊ," म्हणाले. आम्ही दोघं त्या भरलेल्या चाकोरीत बसलो. माती अजून ओली होती.

"किती दिवस सांगताय लोकांना?"

"तीन-चार वर्षं झाली, साहेब."

ते बराच वेळ हाताला चिकटलेलं वाळलेलं रक्त खरवडत होते. मी वाट बघत होतो, शिव्या देतील, मारतीलसुद्धा. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला वाटत होतं, लोकांना माझ्याविषयी काहीतरी वाटतं," ते म्हणाले. "मी घरी जाऊन मंडळींना सांगायचो. म्हणायचो, मी येणार म्हणून लोक मुरूम टाकतात. त्यांना तर वाटायचं मी बढाया मारतो."

मला तोंड वर करता येईना. ते म्हणाले, "चूक गाडीची आहे. उठा." एवढंच. वरिष्ठांना कळवलं नाही, माझ्याशी बोलणं टाकलं नाही, पुढं कधी तो विषयही काढला नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत ठेवलेलं जुन्या स्प्रिंगांचं पोतं त्यांनी स्वतः उचलून डिकीत घातलं आणि आम्ही आळेफाट्याला गेलो.

तोच मिस्त्री. जुन्या स्प्रिंगा बघून म्हणाला, "कंटाळला का साहेब?" साहेब रस्त्याकडं पाठ करून एका पडलेल्या टायरवर बसून राहिले, काम होईपर्यंत. गाडी वर झाली. कुठल्याही माणसाच्या गाडीसारखी दिसायला लागली. त्यांनी दार उघडलं आणि आत बसायला त्यांना बराच वेळ लागला.

परतीच्या वाटेवर ते वीसच्या वर गेले नाहीत. स्टिअरिंग धरलेली बोटं पांढरी पडली होती, कपाळावर घाम. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत जात होते. एका पुलाच्या आधी त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"मला चालवता येत नाही, साहेब," मी म्हटलं. "न्हाईतर घेतली असती."

"नको. तुम्ही फक्त बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. थांबू नका."

मग मी बोलत राहिलो. कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, कुणाच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, माझ्या चुलत्यानं म्हातारपणी दात कसे बसवले. पूल संपला तरी बोलत होतो. पुढची जवळजवळ तीन वर्षं रोज हेच चाललं. गतिरोधकाला आता उतरावं लागत नव्हतं, कंबरेला आराम होता, पण संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोशी बोलायला माझ्याकडं शब्द उरत नसत. साहेबांची भीती काही गेली नाही. ती गेली असती तर गोष्ट सांगायला बरी झाली असती. ते रोज सकाळी घाबरत मंचरहून निघत आणि घाबरत पोचत, आणि एकही दिवस चुकवला नाही.

त्यानंतर फोनवर मी एकच बोलायचो. वाटेचं काही बघू नका, आधी फोन करा.

अलका वहिनींकडं जायला मला महिना लागला. त्या भावानं दिलेल्या कालवडीला चारा टाकत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी चूक माझी झाली. साहेबांनी कधीच तसं सांगितलं नव्हतं. ते मीच म्हणायचो."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. हातातलं काम थांबवलं नाही.

"मग साहेबांना का नाही सांगितलं तेव्हा?"

"पुन्हा फोन तुमालाच करायचा हाय ना, भाऊ."

त्या रागानं बोलल्या नाहीत. हवापाण्याचं सांगावं तशा बोलल्या. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी घरी आलो.

साहेबांच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता. एका वस्तीवर म्हशींना लस टोचायची होती. दोन वर्षांत तिकडं जाणं झालं नव्हतं आणि ती वाट खराब म्हणून मला ठाऊक होतं. वळण घेतलं आणि साहेबांनी ब्रेक लावला.

वाट नवी केलेली होती. चाकोऱ्या बुजवून मुरूम अंथरला होता, वर पाणी मारून दाबला होता. कडेचा घाणेरीचा झाडोरा तोडलेला. मोठ्या रस्त्यापासून थेट गोठ्यापर्यंत. टोकाला चार-पाच माणसं उभी होती. एक म्हातारा पुढं आला, हात जोडले. "डॉक्टर, तुमी जानार म्हनून कळलं. म्हनलं, शेवटचं येतायसा तर नीट या. पोरांनी दोन दिस खपून केली."

साहेबांनी त्याचे हात हातात घेतले. "छान केलीय," म्हणाले. म्हशी टोचून झाल्या. त्या सगळ्यांच्या आग्रहाखातर खाली बसून चहा घेतला. वाटेबद्दल त्यांनी दोनदा चौकशी केली, मुरूम कुठून आणला वगैरे. मला वाटलं, खूश आहेत.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही सांगितलं होतं ना?"

"नाही साहेब."

"बरं."

"खरंच नाही, साहेब. मला माहीतसुद्धा नव्हतं. काल-परवा फोन आला तेव्हा मी वाटेचं नावसुद्धा काढलं नाही. शप्पथ."

ते हसले. गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताला म्हशीचा आणि चहाचा वास येत होता.

"असू द्या," ते म्हणाले. "चांगलं केलंत."